शेवटचा हप्ता सहा महिन्यांनी
(स्वागताध्यक्षीय भाषण)

रुग्णालयांचे विश्वस्त, डॉक्टर, मेट्रन, परिचारिका आणि आवर्जून आलेले सल्लागार मित्रहो,

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले, तेव्हापासून परगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या गावाच्या अंगवळणी पडले आहेत. वेळ काढून सतारमेकर गल्लीतही चक्कर मारा, ही यजमानांची विनंती. आता कामाचे बोलतो.

रुग्णालयांच्या दर्जासाठी एनएबीएचचे मानांकन आले आणि बाहेरच्या सल्लागारांचे येणे-जाणे वाढले. लहान रुग्णालयाला स्वतंत्र गुणवत्ता विभाग परवडत नाही, तेव्हा ही मदत लागतेच. पण पुष्कळदा होते काय, तर दुसऱ्या हॉस्पिटलचे नाव खोडून आपले नाव घातलेल्या एसओपींच्या फाइली येतात. तपासणीच्या आदल्या आठवड्यात सिस्टरांकडून उत्तरे पाठ करून घेतली जातात. प्रमाणपत्र रिसेप्शनवर लागते, फाइली कपाटात जातात. दोष एकट्या सल्लागाराचा नाही. आपण प्रमाणपत्र मागितले, त्यांनी ते मिळवून दिले.

डिस्चार्जचेच बघा. कॅशलेस रुग्णाच्या डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावले. पण राउंडला ‘आज सोडा’ म्हटल्यावर समरी लिहायलाच दुपार होते, उरलेली औषधे फार्मसीत परत जात नाहीत आणि बिल अडते. बिल गेल्याशिवाय विमा कंपनीचे तीन तास सुरू कसे होणार? हे वॉर्डातली कोणतीही सिस्टर सांगेल, तेही फुकट! तेच रंगीत स्लाइडवर आले की आपण माना डोलावतो. मात्र समरी अकराच्या आत लिहा, असे मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सांगणे सिस्टरला जमत नाही, बाहेरच्या माणसाला जमते. माझ्या मते त्याची फी त्यासाठी द्यावी.

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या १२० हॉस्पिटल ट्रस्टांचा चार वर्षांचा हिशेब तपासणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सल्लागारांवर जिथे जास्त खर्च, तिथे एकंदरीत कार्यक्षमता कमी, असे त्यात आढळले. सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयानेही बाहेरचे गुरू केले होते. पण २००२ साली त्यांनी आपले वरिष्ठ अधिकारी जपानला नेऊन टोयोटाची कामाची पद्धत दाखवली आणि पुढे ती शिकवणारी माणसे आपल्याच घरात तयार केली. करारात पाहायचे ते हेच. सल्लागार गेल्यावर काम चालवणार कोण, त्याचे नाव करारात हवे. आणि फीचा शेवटचा हप्ता अहवालावर देऊ नये. सहा महिन्यांनी, आपल्याच माणसांनी मोजलेल्या आकड्यांवर द्यावा.

दुपारच्या सत्रात आपण प्रत्यक्ष करार वाचणार आहोत. आपापले करार घेऊन या, रकमा हवे तर झाकून ठेवा. आणि सल्लागार मित्रांनो, त्या सत्राला आपण पहिल्या रांगेत बसावे, ही आग्रहाची विनंती.