उतारा आणि त्याचे मूळ



मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात केले म्हणून सांगितले जाणारे एक भाषण विद्यार्थ्यांच्या निबंधांतही उतरते. वस्तुतः तेव्हा मेकॉले कलकत्त्यास होता. त्या तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण आहे आणि ते छापील मिळते. त्यात हा उतारा नाही. मग विद्यार्थी मूळ का पाहत नाही? कसे पाहावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते म्हणून! ग्रंथालयाची एक फेरी घडविली की भागले, असे आपण मानतो. माझे म्हणणे एवढेच, की प्राध्यापक व ग्रंथपाल यांनी मिळून प्रत्येक विषयात असा एकेक उतारा द्यावा आणि मूळ गाठावयास सांगावे. कोणी लिहिले, केव्हा, कशावरून, हे विचारल्यावाचून गुण देऊ नयेत. माहिती घरबसल्या मिळते. पारख मात्र शिकवावीच लागते.