पदके राहिली, नोंदही राहिली
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'माजी सैनिक आणि आपला समाज' हा विषय दिला. या विषयावर कोरेगावपासून सुरुवात केली की टाळ्या मिळतात. कोरेगावचा इतिहास तुम्हां सर्वांना तोंडपाठ आहे, म्हणून तो आम्ही पुन्हा सांगत बसत नाही. एवढंच लक्षात आणून देतो की 1 जानेवारी 1818 च्या त्या लढाईत आपली माणसं होती, हे आज आपण छातीठोकपणे सांगतो ते कशाच्या जोरावर? दगडावर नावं कोरलेली आहेत म्हणून. नावाच्या शेवटी 'नाक' आहे, त्यावरून माणूस ओळखता येतो. ती नावं कोरली नसती तर 1927 साली बाबासाहेब तिथं गेले असते का, याचा विचार करा.

आज आम्ही नोंदीबद्दल बोलणार आहोत. विषय कोरडा आहे, पण ऐकून घ्या.

आम्ही चौघं-पाच जण दर रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या ओसरीवर बसतो आणि माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. पेन्शनचे, वारसाचे, नावदुरुस्तीचे. त्यात एक काम असं निघालं की जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्या वस्तीत सगळे ज्यांना हवालदारकाका म्हणतात, ते पेन्शनच्या कामासाठी डिस्चार्ज बुक घेऊन आले. 1963 साली भरती, 1979 साली निवृत्त. पुस्तकात पदकांचं पान असतं. त्यावर रक्षा मेडल होतं, सैन्य सेवा मेडल होतं, संग्राम मेडल होतं, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल होतं. आम्ही सहज विचारलं, "काका, एकाहत्तरला तुम्ही कुठं होता?" म्हणाले, "शकरगडला. मोर्चात होतो की." मग पश्चिमी स्टार कुठं आहे? पानावर नाही. आणखी एक नव्हतं. 15 ऑगस्ट 1972 रोजी जो जो फौजेत नोकरीला होता, त्या प्रत्येकाला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे. काका त्या दिवशी नोकरीत होते, तरी तेही नाही.

काकांना विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? म्हणाले, "साहेब लोकांनी दिलं ते घेतलं. मागायचं कसं?" बंधूंनो, हे वाक्य आम्हाला फार लागलं. मागणं म्हणजे भीक, असं आपल्या जुन्या माणसांच्या मनात कुठंतरी बसलेलं आहे. वास्तविक आपल्या चळवळीची सुरुवातच मागणीच्या अर्जापासून झाली. 1892-93 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची फौजेतली भरती बंद केली. तेव्हा दापोलीचे पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली अर्ज तयार केला. पुढं 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली, 1921 साली मोडली. बाबासाहेबांनी धरून लावलं म्हणून 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. अर्ज करणारी ही माणसं लाचार नव्हती. आमची नोकरी झालेली आहे, ती तुमच्याच कागदात आहे, तो कागद उघडा, असं त्यांचं म्हणणं. काकांचं म्हणणंही तेच व्हायला हवं होतं.

आता पदकं राहतात कशी ते सांगतो. जवानाच्या बाबतीत जे काही घडतं, बदली, रजा, लग्न, मूल, दवाखाना, ते पलटणीचा क्लार्क पार्ट टू ऑर्डरमध्ये घालतो. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं जवानाच्या शीट रोलवर नोंद चढते. पदकांची यादी पलटण पाठवते. काका एकाहत्तरच्या नोव्हेंबरात दुसऱ्या पलटणीला अटॅच होते. युद्ध 3 डिसेंबरला लागलं, पश्चिमेला 17 डिसेंबरला थांबलं. यादी करताना मूळ पलटणीला वाटलं ती पलटण नाव देईल, त्या पलटणीला वाटलं हा आपला माणूस नव्हे. बहात्तरच्या ऑगस्टातही काका बदलीवर, वाटेत. दोन्ही वेळा नाव मधल्यामध्ये पडलं. कुणाचं वैर नव्हतं हो. पण ज्याच्या घरी इंग्रजी वाचणारं कुणी नाही, त्याचं असं पडलेलं नाव उचलणारंही कुणी नसतं. शिकलेल्या घरातला असता तर दुसऱ्याच वर्षी अर्ज गेला असता.

बहात्तरच्या मेडलचं काम सोपं होतं. भरतीची तारीख आणि निवृत्तीची तारीख पुस्तकातच आहे, 15 ऑगस्ट 1972 त्यांच्या मध्ये पडते, दुसरा पुरावा कशाला? पश्चिमी स्टारला मात्र घाम फुटला. काकू आता हयात नाहीत, पण त्यांनी पत्रं जपून ठेवली होती, पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत. त्यांवर 56 ए.पी.ओ.चा शिक्का. पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या फौजेची टपाल या पत्त्यावर जात असे, पूर्वेकडची 99 ए.पी.ओ.वर. पण माणूस नेमका मोर्चावर होता, हे नुसत्या शिक्क्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून अर्जात आम्ही एकच गोष्ट स्पष्ट लिहिली: अमुक महिन्यात अमुक पलटणीला अटॅच, त्या पलटणीची पार्ट टू ऑर्डर तपासावी. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्याला छापील पोच. मग 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून काकांच्या सेवेच्या नोंदींची प्रत मागितली. त्यात ती अटॅचमेंट निघाली, तारखेसकट. तिची झेरॉक्स जोडून तिसरा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला. सगळं धरून दोन वर्षं गेली. शेवटी नोंद दुरुस्त झाल्याचं पत्र आलं, मागाहून रजिस्टर टपालानं दोन्ही पदकं आली. काकांनी पदकं बाजूला ठेवली आणि पत्र आधी वाचायला मागितलं. नातीकडून दोनदा वाचून घेतलं.

एका तरुण मित्रानं आम्हाला विचारलं, याला पैसे किती मिळतात? एक पैसाही नाही. भत्ता शौर्यपदकाला असतो, अशा सेवापदकाला नसतो. दुसरे एक म्हणाले, छावणीजवळच्या दुकानात पदकं विकत मिळतात, आणून लावा. तसं करू नका. नोंद नसताना लावलेलं पदक म्हणजे खोटं बोलणं, आणि पंचशील घेणाऱ्यानं तर त्याच्या वाटेला जाऊच नये. बाबासाहेबांनी आकार दिलेल्या घटनेच्या 18 व्या कलमानं सरकारी किताब बंद केले, पण सैनिकी आणि विद्येचा सन्मान तेवढा ठेवला. रावसाहेब, खानबहादूर गेले. जवानाचं मेडल राहिलं. ते त्याचं आहे तर त्याच्या नावावर लागलंच पाहिजे.

दुसरी हकीकत सांगतो, ती हरलेल्या कामाची. एका घरात आजोबांचा फोटो आहे, गणवेशात, छातीवर फितींची रांग. महायुद्धात होते, 1946 साली पलटण कमी झाली तेव्हा घरी आले. पेन्शन नाही. घरच्यांना आता त्यांच्या पदकांची नोंद हवी आहे. पण पेन्शन नसलेल्या जवानाचा शीट रोल 25 वर्षांनी नष्ट करतात. राहतो तो लाँग रोल, त्यात नंबर, नाव, भरती, निवृत्ती एवढंच. फोटोतल्या फिती दिसतात, पण कृष्णधवल फोटोत रंग कळत नाहीत. डिस्चार्जचा कागद घराच्या पडझडीत गेला. आता कुणाकडे काय मागणार? म्हणून सांगतो, कागद घरात आहे तोवर तो वाचा.

कागद वाचताना आपल्याकडे एक अडचण हमखास येते, नावाची. जुन्या भरतीत आडनाव लावत नसत, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, तेही क्लार्कला जसं ऐकू आलं तसं. पुढं मुलांनी शाळेत आडनाव घातलं, छप्पन सालानंतर धर्माच्या रकान्यात बौद्ध आलं. बायकोचं तर माहेरचं नाव फौजेच्या कागदात आणि सासरचं नाव रेशनकार्डावर. वारसानं पदक मागितलं की ही दोन माणसं वेगळी आहेत असा शेरा येतो. याला प्रतिज्ञापत्र लागतं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं. शक्य असेल तर जवान हयात असतानाच बायकोचं नाव दुरुस्त करून घ्या. ते काम त्याच्या एका सहीवर होतं, मागाहून चार ठिकाणी फिरावं लागतं.

महिला मंडळाच्या भगिनींना एक विनंती आहे. ट्रंकेच्या चाव्या तुमच्याकडे असतात. येत्या रविवारपासून ज्यांच्या घरी फौजेतलं कुणी होतं किंवा आहे, त्यांनी डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ. आणि जुनी पत्रं घेऊन यावं. पदकांचं पान आपण एकत्र बसून बघू. पासष्ट, एकाहत्तर, बहात्तर, सत्त्याण्णव ही सालं आधी तपासू. पंचविसाव्या वर्षासारखंच पन्नासाव्या वर्षाचंही मेडल आहे, ते 15 ऑगस्ट 1997 रोजी नोकरीत असलेल्यांना. अर्जाला मूळ कागद कधीही जोडू नका, झेरॉक्स द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नंबर, हुद्दा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

हवालदारकाका आज समोर बसले आहेत. पदकं लावून या म्हणून आम्ही सांगितलं होतं, ते लावून आलेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, सव्वीस जानेवारीला लावीन. डिस्चार्ज बुक मात्र पिशवीत घेऊन आले आहेत. ज्यांना पदकांचं पान कसं असतं ते पाहायचं असेल, त्यांनी भोजनदानानंतर त्यांच्याकडे जाऊन पाहावं.

जयभीम.