तान्ह्या पोळ्याचा बैल मुलांच्या हाती द्या



व्याख्यानमालेला विद्वान बोलवायचा सोडून आपण गावातल्या होमिओपॅथी डॉक्टरला उभे केले, त्याबद्दल आभार. मी बोलणार आहे ते एका लाकडी बैलाविषयी.

तीन वर्षांपूर्वी नातवासाठी मी सागाचा बैल विकत आणला. रंगवलेला, सजवलेला, चाकांवरचा. तान्ह्या पोळ्यात त्याला बक्षीस मिळाले. घरी येताना नातवाने बैलाच्या नाकातल्या दोरीला हात लावून विचारले, ‘‘आजोबा, ये नाक में रस्सी क्यों है?’’ वेसण हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. बक्षीस माझ्या पैशाला मिळाले होते, पोराला नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. हा मुलांचा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केला, असे परंपरा सांगते. त्यांची कारकीर्द 1788 ते 1816. लांजीही तेव्हा भोसल्यांच्याच राज्यात. पुढे 1867 मध्ये बालाघाट जिल्हा झाला, 1956 मध्ये नागपूर तिकडे गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सीमा बदलल्या, सण राहिला. आपल्या मराठी पंचांगात ती श्रावण अमावास्या, मुलांच्या शाळेतल्या हिंदी पंचांगात भाद्रपदाची. दिवस मात्र एकच.

आम्ही श्वेतांबर जैन. पोळा नेमका पर्युषणात येतो. आईचा उपवास असे, तरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती मला शेजारच्या गोठ्यात खांदशेकणीला पाठवी. जू जिथे घासते तो खांदा हळद-तुपाने शेकायचा. तिथे कातडी किती राठ झालेली असते, हे मी बोटांनी पाहिले. अहिंसेवरची प्रवचने मी पुष्कळ ऐकली. पण दुसऱ्याच्या मानेवरचे ओझे मला प्रथम त्या गोठ्यात कळले.

आमचा तान्हा बैल वाढई काका करून देत, तोही नुसता. बेगड आम्ही लावायची, झूल आईच्या जुन्या लुगड्याची, बाशिंग कागदाचे, वेसण सुतळीची. हे करता करता प्रत्येक वस्तूचे नाव तोंडात बसे. मग घरोघरी बैल न्यायचा आणि बोजारा मागायचा. चार आणे मिळाले तरी कमाईचे वाटत.

आता शेतात ट्रॅक्टर आहे, गोठे रिकामे आहेत. मुलाने खांदशेकणी पाहायची कुठे? म्हणूनच लाकडी बैलाचे मोल वाढले आहे. खरा बैल दारात असताना तो खेळणे होता. आज काही घरांत तेवढाच बैल उरला आहे.

पुढच्या वर्षी मी नातवाला घेऊन वाढयाच्या दारी बसलो. रंधा कसा चालतो, लाकडाची रेघ कुठे वळते, हे त्याने पाहिले. तीन संध्याकाळी खपून त्याने बैल सजवला. एक शिंग वाकडे झाले, झूल एका बाजूला घसरली. बक्षीस मिळाले नाही, तो रडलाही. पण बोजारा मागताना दारातल्या एका काकूंनी विचारले, तर वेसण, कासरा, मठाटी सगळी नावे त्याने मराठीत सांगितली. घरी आम्ही त्याच्याशी हिंदीतच बोलत होतो, ही चूक आमची होती.

म्हणून आपल्या मंडळाला माझी विनंती आहे. पुढच्या तान्ह्या पोळ्यात मोठ्या आणि महागड्या बैलाचे बक्षीस बंद करा. मुलाने स्वतः काय केले, एवढेच विचारा. पोळ्याआधी एक दिवस वाढई आणि कुंभार यांना बोलवा, त्यांना रीतसर मानधन द्या, आणि त्यांना गुरुजी म्हणा. तुम्ही घरी एवढेच करा: बैल सजवून देऊ नका. सुतळी, बेगड, जुने कापड मुलापुढे ठेवा आणि शेजारी बसा. तो विचारील, तेव्हा मराठीत उत्तर द्या.

शिंग वाकडे झाले तर होऊ द्या. माझ्या घरच्या कपाटात तो वाकड्या शिंगाचा बैल आहे. बक्षीसवाला माळ्यावर पडला आहे.