घरच्या संगणकाचा राखणदार : फुकटचा कीं विकतचा?



पावसाळ्याच्या तोंडावर आपण आमच्या शेंदूरजनाघाटास आलांत, तर संत्र्याच्या रोपवाटिकांतून कलमें पारखीत हिंडणारे परगांवचे बागाईतदार आपल्या दृष्टीस पडतील. सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या, वरूड तालुक्यांतील या गांवीं चांगलें कलम कोणतें व रोगट कोणतें हा विषय लहान मुलांनाहि परका नाहीं. जंभेरीच्या खुंटावर डोळा नीट बांधला आहे ना, तो कोणत्या झाडाचा, मुळाशीं डिंक्याची लागण तर नाहीं ना, हें पाहिल्यावांचून शहाणा बागाईतदार पैसे मोजीत नाहीं. कारण झाडास फळ धरूं लागेपर्यंत चार-पांच वर्षें जातात, आणि आपण फसलों हें त्या वेळीं कळून उपयोग कांहीं नसतो.

हाच चोखंदळ गृहस्थ घरीं संगणक आणतो, तेव्हां मात्र त्याच्या रक्षणाविषयीं एकच प्रश्न विचारतो : "अँटिव्हायरस फुकटचा घालूं कीं विकतचा?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें उत्तर एका शब्दांत देणारा मनुष्य एक तर विक्रेता असावा, नाहीं तर त्याच्यावर अजून प्रसंग आलेला नसावा. माझ्यावर तो आलेला आहे. तो पुढें सांगेनच.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊं. संगणकाचा विषाणु म्हणजे कांहीं हवेंतला जंतु नव्हे. ती माणसानेंच लिहिलेली आज्ञांची एक मालिका असते. ती दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आश्रयानें घरांत शिरते, स्वतःच्या प्रती काढते, आणि धन्याच्या नकळत आपलें काम साधते. १९८६ सालीं लाहोर येथील दोन भावांनीं लिहिलेला 'ब्रेन' हा अशा विषाणूंपैकीं फार जुना. तो फ्लॉपीवरून पसरे. पुढें 'मायकेलअँजेलो' नांवाचा विषाणु निघाला. तो ६ मार्चला जागा होऊन संगणकांतील माहिती पुसून टाकी, व १९९२ सालीं त्याच्या भीतीनें जगभर मोठी घबराट उडाली होती.

या कथेंत महाराष्ट्राचाहि एक वांटा आहे. पुण्यास श्री. कैलास काटकर यांचें यंत्रदुरुस्तीचें दुकान होतें. कॅलक्युलेटर दुरुस्त करण्यापासून त्यांनीं आरंभ केला होता. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांपैकीं कित्येकांचा आजार यंत्राचा नसून विषाणूचा आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांचे धाकटे बंधु श्री. संजय काटकर संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनीं या आजारांवर उतारे लिहावयास घेतले, आणि १९९५ सालीं 'क्विक हील' बाजारांत आलें. २००७ सालीं कंपनीनेंहि तेंच नांव धारण केलें, व २०१६ सालीं तिचे शेअर बाजारांत आले. त्यानंतर पुष्कळ वर्षें आपल्याकडील सामान्य कुटुंबाची समजूत अशी होती कीं, संगणक घेतला कीं त्याबरोबर राखणदारहि विकत घ्यावयाचा. आणि त्या काळीं ती समजूत चुकीची नव्हती.

परंतु २०१२ सालीं विंडोजची आठवी आवृत्ति निघाली, आणि तिच्यासोबत 'डिफेंडर' नांवाचा पुरता राखणदार फुकट येऊं लागला. आज जर्मनींतील माग्देबुर्ग आणि ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील परीक्षणसंस्था निरनिराळ्या अँटिव्हायरसांची वेळोवेळीं कसोटी घेतात, व त्यांत गेल्या कांहीं वर्षांत हा फुकटचा डिफेंडर विकतच्यांच्या पंक्तीस बसत आला आहे. म्हणजे 'फुकटचें तें कमअस्सल' हा आपला व्यवहारी सिद्धांत येथें सरसकट लागू पडत नाहीं.

हा राखणदार काम तरी कसें करतो? त्याच्या दोन रीती आहेत. पहिली ओळखीची : ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते, व आलेली प्रत्येक फाइल तो त्या यादीशीं ताडून पाहतो. ही यादी रोज, किंबहुना दिवसांतून अनेकदां, नवी व्हावी लागते. दुसरी रीत वर्तनाची : एखादा अनोळखी प्रोग्रॅम एकाएकीं शेंकडों फाइली बदलूं लागला, तर खूण ठाऊक नसली तरी तो त्यास अडवितो. पानावरचा डाग पाहून रोग ओळखणारा माळी आणि झाड कां मलूल दिसतें म्हणून मुळाशीं उकरून पाहणारा माळी, असे हे दोन प्रकार समजा. फुकटच्या व विकतच्या, दोहोंतहि या दोन्ही रीती असतात. फरक आहे तो दुसऱ्या ठिकाणीं.

मुळांत 'फुकट' या एका शब्दाखालीं आपण तीन अगदीं निराळ्या वस्तू मोडतों. पहिली, विंडोजबरोबर येणारा डिफेंडर. त्याची किंमत संगणकाच्या किंमतींतच आलेली असते. दुसरी, विकतचा माल बनविणाऱ्या कंपन्यांनीं दिलेली फुकटची आवृत्ति. ती वाईटच असते असें नाहीं. पण ती वारंवार 'विकतची घ्या' म्हणून खिडकी ठोठावते, आणि क्वचित् किंमत निराळ्या मार्गानें वसूल करते. 'अवास्ट' या प्रख्यात कंपनीवर आपल्या ग्राहकांची इंटरनेटवरील भ्रमंती टिपून ती माहिती विकल्याचा आरोप आला, आणि २०२४ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें तिला एक कोटि पासष्ट लाख डॉलर भरावयास लाविले. राखणदारानेंच घरांतल्या गोष्टी बाजारांत सांगाव्या, त्यांतला हा प्रकार! तिसरी वस्तु म्हणजे विकतच्या अँटिव्हायरसची कुलूप मोडलेली, चोरीची प्रत. ती फुकट नव्हेच. चोराकडून आणलेला कुत्रा कोणावर भुंकेल आणि कोणाला पाहून शेपूट हालवील, हें निराळें सांगावयास नको.

आतां विकतच्याकडे वळूं. पैसे देऊन आपणांस काय मिळतें? एकाच परवान्यांत घरांतील तीन-चार संगणक व फोन सांभाळले जातात. मुलांनीं काय पाहावें व किती वेळ, यावर लगाम ठेवतां येतो. बँकेचे व्यवहार करतांना निराळी सुरक्षित खिडकी उघडते. आणि मुख्य म्हणजे अडचण आल्यास फोन करावयास कोणी तरी असतें. घरीं वृद्ध आईवडील एकटे असतील व मुलें पुण्यास किंवा परदेशीं, तर या शेवटच्या सोयीचें मोल पैशांत करूं नये. पण पैसे दिले म्हणजे अभय मिळालें असेंहि नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं 'क्राउडस्ट्राइक' या मोठमोठ्या कंपन्या विकत घेतात त्या रक्षक प्रोग्रॅमच्या एका सदोष सुधारणेनें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक बंद पाडले. विमानें जागच्या जागीं थांबलीं. तेथें शत्रु कोणीच नव्हता. पहारेकऱ्याचाच पाय घसरला होता.

आतां माझी हकीकत. आमच्या घरची रोपवाटिका आहे. कोणत्या वर्षीं कोणत्या मातृवृक्षाचे डोळे घेतले, तीं कलमें कोणत्या गांवीं गेलीं, पुढें त्यांतलीं किती जगलीं, याची नोंद आई हातानें वह्यांत ठेवीत असे. ती थकल्यावर हें काम वडील बंधूंनीं संगणकावर घेतलें. विकतचा अँटिव्हायरस घातला. पहिलें वर्ष संपलें. मुदत वाढविण्याची सूचना रोज येई व रोज ती बंद केली जाई. "बहार निघाला कीं भरूं" असें दादांनीं म्हटलें, आणि मीहि मान डोलाविली. त्याच दिवसांत घरांतल्या एका मुलानें कोठूनशी एका खेळाची कुलूप मोडलेली प्रत उतरवून घेतली. ती चालेना, म्हणून "अँटिव्हायरस क्षणभर बंद करा" या सूचनेप्रमाणें त्यानें होता तो पहाराहि उठविला. सकाळीं पाहतों तों प्रत्येक फाइलीचें नांव बदललेलें, एकहि उघडत नाहीं, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी.

आमच्याजवळ दुसरी प्रत होती. पण ती ज्या बाहेरच्या डिस्कवर होती ती डिस्क कायम संगणकास जोडलेलीच असे. त्यामुळें मुळाबरोबर तीहि गेली. खंडणी आम्हीं दिली नाहीं. देऊन किल्ली मिळतेच याची हमी कोणी द्यावी? अकरा वर्षांच्या नोंदी गेल्या. जुन्या झाडांविषयीं कोणी शेतकरी आजहि विचारावयास आला, तर आईच्या वह्या जेथें संपतात तेथपर्यंतच आम्हांस उत्तर देतां येतें. दादांनीं त्या मुलास एका शब्दानेंहि दुखविलें नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "कागदाला वाळवी लागते हें ठाऊक होतें रे, याला काय लागतें तें विचारावयाचें राहून गेलें."

या प्रसंगानंतर मी माझ्यापुरता जो निर्णय केला तो असा. घरीं एकच संगणक आहे, विंडोज चालू आवृत्तीची असून तिच्या सुधारणा वेळच्या वेळीं होत आहेत, व वापरणारीं माणसें जाणतीं आहेत, अशा घरास डिफेंडर पुरे. अँटिव्हायरसचे वांचलेले पैसे बाहेरच्या डिस्कवर खर्च करावे, दर आठवड्यास प्रत काढावी, आणि प्रत निघतांच डिस्क सोडवून कपाटांत ठेवावी. ही शेवटची गोष्ट विसरूं नये. आमचें घर तेवढ्यानेंच बुडालें. ज्या घरीं मुलें लहान आहेत, यंत्रें अनेक आहेत, धंद्याचे हिशेब आहेत, किंवा मदतीस जाणता मनुष्य नाहीं, त्यांनीं खुशाल विकतचा घ्यावा. मात्र मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरांत विजेच्या बिलाशेजारीं लिहून ठेवावी. दोन अँटिव्हायरस एकदम ठेवूं नयेत. ते एकमेकांच्या पायांत येतात. चोरीची प्रत तर कोणत्याहि कारणानें घरांत येऊं देऊं नये.

आणखी दोन गोष्टी. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नेहमींचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. ज्या भिंतीची डागडुजी थांबली, तिच्या दारावर कितीहि महागाचा पहारेकरी बसविला तरी त्याची मजल बेताचीच. दुसरी गोष्ट अशी कीं, फोनवरून गोड बोलून परवलीचा आंकडा काढून घेणाऱ्या भामट्यास कोणताहि अँटिव्हायरस अडवूं शकत नाहीं. कारण तेथें दार आपणच उघडतों. तसें घडलेंच तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या हातीं जाण्यापूर्वीं जितक्या लवकर कळवाल, तितकी ते अडविले जाण्याची आशा अधिक.

तेव्हां, फुकटचा कीं विकतचा, असें कोणी मला विचारलें कीं मी त्यास उलट विचारतों : "शेवटची प्रत केव्हां काढलीत, आणि ती डिस्क आतां कोठें आहे?" बहुतेक जण थोडा वेळ गप्प राहतात. आपणहि हें भाषण संपतांच उठून तेवढें पाहून यावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.