जुन्या पिकअपचा मागचा ब्रेक



तालुक्याच्या बाजाराला गेलात तर जुनी एखादी पिकअप गाडी अजूनही दृष्टीस पडते. पुढे दोघातिघांची बसायची जागा, मागे उघडा हौदा. हौद्यात कधी कांद्याच्या गोण्या, कधी दुधाचे कॅन, कधी शेळ्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीज जीप आपल्याकडे जोडायला घेतली, आणि पुढे त्या घराण्यातल्या गाड्या खेडोपाडी पोचल्या. त्यांतल्या काही आज हौसेने सांभाळलेल्या आहेत, तर काही पोटापाण्यासाठी राबताहेत. अशा गाडीचे इंजिन कुरकुरू लागले की मालकाला झोप येत नाही. ब्रेक मात्र ‘लागतोय की अजून’ एवढ्या भरवशावर वर्षानुवर्षे चालतो. त्यातही मागच्या ब्रेककडे कोणी सहसा पाहतच नाही. आज त्याच्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम हे यंत्र समजून घेऊ. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा एक डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर बसवलेला असतो. दोन्ही शूंच्या मधे चाकाचा लहान सिलिंडर. तुम्ही पेडल दाबलेत की मास्टर सिलिंडरातला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे सारतो, ते नळीवाटे चाकाच्या सिलिंडरात येते, तिथले दट्ट्ये बाहेर सरकतात आणि शू ड्रमला आतून घासतात. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबून घेतो. दाराखाली पाचर घातली असता दार जितके ढकलावे तितकी ती अधिक रुतते ना, तसेच हे. म्हणूनच या ब्रेकला पायाचा जोर कमी पुरतो.

आपल्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना यात पास्कलचा नियम दिसलाच असेल. कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये पुढच्या चाकाच्या सिलिंडराचा व्यास १ इंच होता, मागच्याचा पाऊण इंच. व्यास पाऊणपट झाला की क्षेत्रफळ सोळा भागांपैकी नऊ भागच उरते. म्हणजे तेलाचा दाब तोच, पण मागच्या शूंना मिळणारा जोर पुढच्यांच्या निम्म्याहून थोडासा अधिक. असे मुद्दाम का केले? ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात, आणि हलके चाक लवकर जाम होऊन घसरते. तेव्हा ‘हाही बसतो’ असे सांगून कोणी दुकानदार मोठा सिलिंडर देऊ लागला, तर तो घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. या जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एक आणि तेलाचा मार्गही एकच असतो. पुढची दोन चाके आणि मागची दोन चाके एकाच तेलावर चालतात. पुढे दोन वेगळ्या मार्गांची पद्धत आली. अमेरिकेत ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली. एक मार्ग फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. जुन्या गाडीला ही सोय नाही. मागच्या डाव्या चाकातला एक रबरी कप फाटला, तर तेल तिथून निघून जाते आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. अगदी स्वस्तातला तुकडा, पण हौद्यातला माल आणि गाडीतली माणसे त्याच्यावर अवलंबून असतात.

बरे, हा ब्रेक काही न सांगता जात नाही. पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊ लागते. मास्टर सिलिंडरातले तेल पुन्हा पुन्हा भरावे लागते. चाकाच्या आतल्या अंगाला ओला ओघळ दिसतो. गाडी एका बाजूला ओढते, किंवा खरडल्यासारखा आवाज येतो. काही ड्रायव्हर तर कौतुकाने सांगतात, ‘दोन पंप मारले की मस्त लागतो!’ मंडळी, हिशेब करा. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १५ मीटर जाते. दुसरा पंप मारीपर्यंत एका एस.टी. बसच्या लांबीहून अधिक रस्ता मागे पडलेला असतो. तेवढ्यात एखादे पोर रस्त्यावर आले तर?

यांतले एक जरी लक्षण दिसले तरी ड्रम उघडावा. गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करा. मग जॅक लावा, आणि आक्सलखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय हात घालू नका; नुसत्या जॅकवर भरवसा नको. हातब्रेक मागच्या ड्रमातच काम करीत असेल तर तो सोडावा. जुन्या जीपमध्ये तो गिअरपेटीच्या मागे शाफ्टावर असतो. काही गाड्यांत ड्रम हबसकट निमुळत्या शाफ्टावर चावीने बसवलेला असतो. तो पुलरनेच निघतो. हातोड्याने बडवून काढू गेलात तर ड्रमला तडा जाईल.

ड्रम निघाला की आत काळी भुकटी दिसेल. ती फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. जुन्या लायनरमध्ये बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याचे बारीक तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि कितीतरी वर्षांनी दुखणे वर काढतात, कर्करोगसुद्धा होतो. भुकटी पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बंद करून टाका. गॅरेजात हाताखाली काम करणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांगा, कारण धूळ झाडायचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते.

एका वेळी एकच चाक उघडावे. स्प्रिंगा कुठे अडकल्या आहेत, कोणता शू पुढे आहे, हे विसरले तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक नमुना म्हणून पाहता येतो. दोन शूंचे लायनर कधी कधी सारख्या लांबीचे नसतात. काही बनावटींत लांब लायनर पुढे, तर काहींत मागे. अंदाजाने बसवू नये.

आता एकेक वस्तू तपासू. लायनर रिव्हेटच्या डोक्याजवळ आला असेल तर नवा घालावा. रिव्हेट उघडा पडला की तो ड्रमला चर पाडतो. तेल किंवा ग्रीस प्यालेला लायनर भाजून, धुऊन पुन्हा वापरायची रीत काही ठिकाणी आहे; ती सोडून द्यावी. आणि लायनर ओला का झाला, हेही शोधले पाहिजे. जाड, उग्र वासाचे तेल असेल तर आक्सलचे सील गेले आहे. पातळ असेल तर ते चाकाच्या सिलिंडरातले. आक्सलला हवा जाण्यासाठी असलेले छोटे छिद्र मातीने बुजले, तरी आतले तेल सीलमधून बाहेर येते. मूळ कारण तसेच ठेवून नवा लायनर घातला तर तोही महिन्याभरात बाद होईल.

ड्रमला खोल चर असतील तर लेथवर उतरवून घ्यावा. परंतु यालाही मर्यादा आहे. ड्रमवर मापाची मर्यादा कोरलेली असेल ती पाळावी. नसेल तर मूळ व्यासात साधारण दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वाढ होऊ देऊ नये. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो.

सिलिंडर उघडून आत नख फिरवा. खड्डे लागले तर सिलिंडरच बदला. नुसती पुटे असतील तर साफ करून नवे रबरी कप घाला. कपाची ओठाची बाजू तेलाकडे आणि सपाट पाठ दट्ट्याकडे राहील, हे पाहा. धुवायला रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल वापरू नका. त्याने रबर फुगते. स्पिरिट किंवा स्वच्छ ब्रेक ऑइल वापरा. या ब्रेक ऑइलचे नाव तेवढे ऑइल, ते आपले नेहमीचे तेल नव्हे. अडीअडचणीला त्यात इंजिन ऑइल ओतले तर सगळ्या गाडीतले रबर खराब होते. शिवाय ते हवेतले पाणी शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. म्हणून उघडा राहिलेला जुना डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

जोडताना दोन्ही मागच्या चाकांना एकाच प्रतीचे लायनर घाला. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला जुना, असे केले तर ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होते. ढिल्या स्प्रिंगा बदला. लायनरला तेलकट हात लावू नका. मग ड्रम चढवून अ‍ॅडजस्टर आवळा. चाक अडले की फिरण्यापुरते सैल करा.

त्यानंतर एअर काढायची. याला दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरापासून ज्या चाकाची नळी सर्वांत लांब, तिथून सुरुवात करा. निपलला रबरी नळी लावून तिचे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा आणि मास्टर सिलिंडर रिकामा होऊ देऊ नका. बाटलीतले ऑइल पुन्हा वापरू नका.

गुरुजी, हे वर्गात दाखवता येईल. वेगवेगळ्या जाडीच्या दोन पिचकाऱ्या, म्हणजे सुया काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजा, रबरी नळीने जोडा आणि पाणी भरा. बारीक पिचकारी दाबली की जाड पिचकारी वरचे पुस्तक उचलते. मग मुद्दाम थोडी हवा आत जाऊ द्या. दट्ट्या स्पंजासारखा दबेल, पुस्तक जागचे हलणार नाही. एअर काढली नाही तर ब्रेक का लागत नाही, हे मुलांना लगेच कळेल.

गाडी बाहेर काढण्यापूर्वी पेडल जोराने दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली बसले तर कुठेतरी गळती आहे. मग मोकळ्या जागी हळू चालवून पाहा. नवे लायनर ड्रमला बसेपर्यंत दोन-चार दिवस जड माल नको.

आणि शेवटी घाटाविषयी. दोन टनांची भरलेली गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली, तर ब्रेकमध्ये पाऊण लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता तयार होते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे ५०० मीटरांचा उतार आहे. तो सगळा ब्रेकवर उतरलात, तर तीसेक लिटर पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता त्या चार ड्रमांत जाईल. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते, पाणी मुरलेले ऑइल उकळते. नवा ब्रेकही तिथे हरतो. म्हणून ज्या गिअरने घाट चढाल, त्याच गिअरने उतरा आणि निम्मे काम इंजिनाला करू द्या.

ब्रेकचे काम केले त्या दिवसाची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहून ती गाडीतच ठेवा. पुढचा ड्रायव्हर कोणीही असो, मागचे ड्रम केव्हा उघडले होते हे त्याला कळले पाहिजे. वहीत तशी नोंद नसेल, तर येत्या सुट्टीच्या दिवशी गाडी सपाट जागेवर घ्या आणि कामाला लागा.