लुक्लाची धावपट्टी

पहाडी मुलखातील विमान-अपघात म्हटला की डोंगराच्या कड्यावर आदळलेले विमान आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्ला येथे, समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटर उंचीवर, जो विमानतळ आहे, त्याचा इतिहास काही निराळेच सांगतो.

खुंबू या तेथील प्रदेशातील शाळा-इस्पितळांचे सामान पोहोचविण्याची तजवीज म्हणून एडमंड हिलरी यांनी १९६४ साली हा तळ बांधविला. सपाट शेते देण्यास शेतकरी राजी होईनात, म्हणून उतरती जमीन खरेदी करावी लागली. आणि भुसभुशीत माती दाबण्यासाठी रोलर कोठून आणावा, तर हिलरींनी शेर्पांना त्या मातीवर नाचावयास लावले. बांधकाम खात्याच्या दप्तरात या पद्धतीला मंजुरी मिळाली असती की नाही, याची मला शंका आहे!

धावपट्टी अवघी ५२७ मीटर, चढ शंभरास जवळजवळ बारा. एका टोकास खोल दरी, दुसऱ्या टोकास पर्वताची भिंत. विमान चढावर उतरते, म्हणजे चढच गतिरोधाचे काम करतो. मात्र तोच चढ वैमानिकाच्या दृष्टीला फसवितो, कारण समोर उचललेली पट्टी पाहून आपण फार उंचावर आहोत असा भास होतो आणि विमान नकळत अधिक खाली आणले जाते. त्यातच हवा विरळ, त्यामुळे गतिमापकाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवीत असता विमानाचा खरा वेग सुमारे एक-सप्तमांशाने अधिक असतो.

८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात उतरू पाहणाऱ्या ट्विन ऑटर विमानातील १९ जणांपैकी केवळ मुख्य वैमानिक वाचला. २७ मे २०१७ रोजी एका मालवाहू विमानाचे दोन्ही वैमानिक दगावले. प्रवासी ज्या भिंतीच्या धास्तीने डोळे मिटून घेतात, ती भिंत दोन्ही खेपेस निर्दोष होती; दोन्ही विमाने पट्टीच्या अलीकडच्या तोंडाशीच, दरीच्या बाजूस, पडली.

भिंतीमुळे, एका ठराविक अंतरापुढे आल्यावर पुन्हा वर उठून दुसरी फेरी मारण्याची सोय येथे नाही. जो काही निर्णय घ्यावयाचा तो त्याआधी, दरीत असतानाच. पुण्यामुंबईहून रजेचे दिवस मोजून आलेली आमची गिरिभ्रमणप्रेमी मंडळी, विमान अर्ध्या वाटेवरून परतले की चरफडतात, परताव्याची चौकशी करतात. आणि तोच वैमानिक दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा उठण्यापूर्वी, पुन्हा त्याच दरीतले ढग पाहावयास निघतो.