हरभऱ्याची अळी आणि पोटांतील कात्री

पौष-माघांत आमच्या सोलापूरच्या बाजारांत हरभऱ्याचे डहाळे येतात. घाटे सोलतांना एखाद्यांतून दाण्याऐवजीं अळीच निघते. त्या घाटेअळीच्या पोटासंबंधीं आज बोलावयाचें योजिलें आहे.

प्रथिन म्हणजे एक लांब माळ. ती तोडणारीं विकरें अळीच्या पोटांत असतात, तशीं आपल्याही असतात. त्यांतील एका मोठ्या कुलास ‘सेरीन प्रोटीएज’ म्हणतात. ट्रिप्सिन हें त्यांतलेंच. सेरीन हा या कात्रीच्या धारेवरील घटक. तो १८६५ सालीं प्रथम कच्च्या रेशमाच्या डिंकांतून मिळाला, आणि रेशमाच्या लॅटिन नांवावरूनच त्याचें नांव पडलें. विणकरांच्या या गांवांत हें सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं.

हरभराही मुकाट्यानें खाऊं देत नाहीं. त्याच्या दाण्यांत या कात्रीच्या पात्यांत पाचरीसारखीं अडकणारीं रोधक प्रथिनें असतात. उसळ शिजविली कीं त्यांचा बराचसा जोर जातो. परंतु घाटेअळी हरभऱ्यावरच पोसलेली; ती ही पाचरसुद्धां पचविते, आणि शेतकऱ्याच्या हातीं पोकळ घाटे व फवाऱ्याचा खर्च तेवढा उरतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं १९९९ सालीं निराळा मार्ग दाखविला. भुईमूग, चौधारी घेवडा, बटाटा हें या अळीचें नेहमींचें अन्न नव्हे. त्यांतील रोधकांनीं तिची वाढ खुंटली. मात्र अळीही वस्ताद! एक कात्री अडली कीं ती दुसऱ्या धाटणीची काढते. म्हणून रोधकही पाळीपाळीनें बदलले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष.

आपल्या शरीरांत या कात्र्या म्यानांत ठेवलेल्या असतात. ट्रिप्सिनचें म्यान आंतड्यांत उतरल्यावर निघावयाचें. तें स्वादुपिंडांतच निघालें तर ती ग्रंथि स्वतःसच पचवूं लागते. रक्तांतील थ्रॉम्बिन याच कुलांतलें. दाढी करतांना कापलें तर रक्त गोठविण्यास तें हवें. परंतु हृदयांत गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो.

माझ्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून डॉक्टरांनीं दाबिगाट्रान नांवाची गोळी दिली आहे. हरभऱ्याची पाचर अळीच्या कात्रींत अडकते, तशी ही थ्रॉम्बिनच्या पात्यांत अडकते. दिवसांतून दोनदां घ्यावयाची, मनानें बंद करावयाची नाहीं. आणि दांत काढावयाचा झाला तर दंतवैद्यास आधीं सांगावयाचें. गेल्या महिन्यांत मीं तें सांगावयास विसरलों, आणि अर्धा दिवस तोंडांत कापसाचा बोळा धरून बसलों.